क्रीक व्ह्यू

फ्लेमिंगो बघून आलात की नाही अजून? नसाल, तर तुम्ही एकटेच उरलात असं समजा. जानेवारी उजाडला की आमच्या ग्रुपमधल्या एकेकाचा डीपी गुलाबी व्हायला लागतो. पुढे लाइफ जॅकेट घातलेली आपली छबी, मागे खाडी आणि खूप लांब गुलाबी ठिपके. ठिपके म्हणजे फ्लेमिंगो, हे कॅप्शन वाचून कळतं.

माझाही डीपी झाला होता गुलाबी. एका मासिकासाठी मी ऐरोलीहून सुटणारी बोट पकडली होती. वनविभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे. संपादक मॅडमचं ब्रीफ क्लिअर होतं, "आठशे शब्द. लाइट ठेव. पिंक, फन, वीकेंड. प्रदूषण-बिदूषण नको, लोक शनिवारी वाचतात." मीही लाइट लिहिलं. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं, वगैरे एका चौकटीत टाकलं. पैसे वेळेवर आले. फ्रीलान्सर मंडळींना माहीत आहे, हे फ्लेमिंगोपेक्षा दुर्मीळ.

त्याच आठवड्यात आम्ही, म्हणजे मी आणि नवऱ्याने, एका फ्लॅटचं टोकन दिलं. डोंबिवली पश्चिम, खाडीच्या बाजूला, आठवा मजला, वन बीएचके. एक लाख रुपये. ब्रोशरमध्ये माणकोली पूल होता, क्लब हाऊस होतं आणि कव्हरवर, अंदाज करा, फ्लेमिंगो. खाली लिहिलं होतं 'क्रीक व्ह्यू'. जन्मापासून डोंबिवलीत राहून आमच्या किनाऱ्याला मी एकही फ्लेमिंगो पाहिलेला नाही. पण भाड्याच्या घरात तिसरं ॲग्रीमेंट चाललेलं असलं की माणूस कव्हर बघून विरघळतो.

खरं तर डोंबिवलीकराने गुलाबी रंगाने इतकं हुरळून जायला नको. आमच्याकडे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडलाय आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालाय. दोन्ही वेळा फुकटात.

पेढे द्यायला शाळेतल्या एका मैत्रिणीकडे गेले. ते घर खाडीकाठचं, कोळी कुटुंब. कुठे घेतलं फ्लॅट म्हटल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाबांना विचार एकदा." काकांनी बरीच वर्षं खाडीत जाळं टाकलं, आता होडी विकली आहे. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "रविवारी ये सकाळी. ओहोटी हाय. चप्पल जुनी घाल."

चप्पल पहिल्या पाच मिनिटांत चिखलात गेली ती गेलीच.

इतकी वर्षं मला वाटायचं, खाडीचा चिखल म्हणजे चिखल. वास मारणारा, दिवा-मुंब्र्याच्या मधे ट्रेनच्या खिडकीतून दिसणारा. काका म्हणाले, "हलू नको. बघत रा." मिनिटभराने चिखल हलायला लागला. बोटाएवढे, बटाट्यासारख्या डोळ्यांचे मासे चिखलावर चक्क चालत होते. निवटी! मासा असून पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांवर सरकतो, उड्या मारतो. एक तर दुसऱ्याशी जागेसाठी भांडत होता. त्याला आठव्या मजल्याची गरज नव्हती. बाजूला पाहावं तिथे खेकड्यांची बिळं. काकांनी तिवराचं एक पान तोडून हातात दिलं. "चाट." चाटलं. खारट! तिवर खाऱ्या पाण्यात जगतं आणि जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. खाली जमिनीतून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी शेकडो मुळं वर आलेली. चिखलात हवा नाही म्हणून झाड नाकच वर काढतं.

मग काकांनी सगळी साखळी समजावली. तिवराची पानं चिखलात पडतात, खेकडे ती ओढून नेतात, कुरतडतात. त्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा-पाणी खेळतं. कुजलेल्या पानांवर बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर कोळंबी आणि माशांची पिल्लं. मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून पिल्लं तिथेच लहानाची मोठी होतात. "आमची बालवाडी हाय ही," काका म्हणाले. मी वहीत नावं लिहून घेत होते. बोईट, शिंगाळा, जिताडा, कोळंबी, चिंबोरी, कालवं, शिवल्या. प्रत्येक नावापुढे काका सांगायचे, आधी किती मिळायचं, आता किती. जिताड्यापुढे त्यांनी नुसता हात हलवला.

तेव्हा मला माझा तो आठशे शब्दांचा लेख आठवला आणि लाज वाटली. कारण अभ्यास करताना एक गोष्ट मी वाचली होती आणि 'लाइट'च्या नादात गाळली होती. ठाणे खाडीत येणाऱ्यांत छोटा रोहित संख्येने सगळ्यात जास्त, काही वर्षी तर दोन्ही प्रकारचे फ्लेमिंगो मिळून लाखाच्या वर. १९९० च्या दशकात ते इथे मोठ्या संख्येने यायला लागले. छोटा रोहित मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, त्यातल्याच रंगद्रव्याने गुलाबी होतो. आणि ते शेवाळ फोफावायला जे खत लागतं ते खाडीला पुरवतं कोण? आपण. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचं सांडपाणी. म्हणजे माझ्या डीपीतला गुलाबी रंग थोडा माझ्या बाथरूममधूनच गेलेला. संशोधक हा संबंध गेली काही वर्षं सांगत आहेत. याचा अर्थ फ्लेमिंगो वाईट असा नाही. छोट्या रोहिताची आफ्रिकेबाहेरची मोठी वस्ती मुख्यतः भारतातच आहे, त्याला जपायलाच हवं. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत एका रात्रीत जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले, तेव्हा आपल्या सगळ्यांनाच हळहळ वाटली. पण फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी ठणठणीत, हा निष्कर्ष चुकीचा. एक पाहुणा लाखाने आला, म्हणून घरातली माणसं कमी झाली नाहीत असं थोडंच होतं?

उल्हास नदीचंही तेच. कल्याणजवळ मोहन्याच्या बाजूला कधी जलपर्णी पसरलेली बघा. हिरवंगार! फोटो मस्त येतो. पण ती एकच वनस्पती सगळं पाणी झाकते, खालचा उजेड आणि प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात.

जैवविविधता हा शब्द ऐकला की मला पूर्वी दहावीचं पुस्तक आठवायचं. आता आठवतं २०२०. माझं साठ टक्के काम तेव्हा एकाच क्लायंटचं होतं. मोठं नाव, मोठा चेक, मी लहानसहान कामं सोडून दिली होती. लॉकडाऊनमध्ये त्यांनी एका मेलमध्ये सगळं थांबवलं. चार महिने मला ज्या दोन फालतू समजलेल्या अनुवादांच्या कामांनी तारलं, त्यांच्याकडे मी आधी ढुंकूनही बघत नव्हते. काकांच्या खाडीत कोळंबी नसेल त्या महिन्यात बोईट असायचा, बोईट नसेल तेव्हा चिंबोरी. घर चालायचं. एकाच जिनसावर चालणारी खाडी पहिल्या झटक्याला बसते.

बरं, मुद्दा फक्त मासळीचा असता तर मी हळहळून गप्प बसले असते. काकांनी बोट करून दाखवलं, ते पलीकडचं पत्र्याचं कंपाउंड. आमचं कंपाउंड! "थितं चिंबोरीची जागा होती," ते म्हणाले. "उधाणाला पाणी थितवर जायचं. आता पाणी कुठं जाईल?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांची होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ते सगळ्यांना पाठ आहे, पण आमच्याकडे उल्हास चढली होती. आम्ही तळमजल्यावर. आईने मला आणि गव्हाच्या डब्याला एकदमच माळ्यावर ठेवलं. बाबा ऑफिसमधून तिसऱ्या दिवशी आले. २०१९ च्या जुलैत याच उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. नदी वरून पाणी आणते, खाडी खालून भरती आणते. मधे पसरायला दलदल आणि तिवरं असतात. ती तिवरं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. तिथे भराव टाकला तरी पाणी येतंच, फक्त दुसऱ्याच्या घरात.

कायदा नाही असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली, भोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. २०२० मध्ये राज्याने पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरवला. २००२ चा जैवविविधता कायदा तर म्हणतो, प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून आपल्या भागातल्या जीवांची नोंदवही करावी, लोकांच्या माहितीसकट. काकांसारख्यांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर यावं, हीच कल्पना. पण तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही हो. रात्री राबिटाचे चार डंपर ओता, भरतीचं पाणी अडवा, झाड उभ्या उभ्या वाळतं. कंपाउंडच्या कडेला तशी पंधरा-वीस करडी झाडं मी मोजली. सेल्स ऑफिसच्या नकाशात त्या जागी 'लँडस्केप गार्डन' होतं. तिथला मुलगा माझ्याच वयाचा. म्हणाला, "मॅडम, पेपर्स एकदम क्लिअर आहेत." मी कागद पाहिले. मला ते खोटे ठरवता आले नाहीत, खरं सांगते.

ऑगस्टच्या अमावास्येला, उधाणाच्या भरतीच्या वेळी, मी नवऱ्याला छत्री देऊन तिथे नेलं. पाऊस रिमझिम होता. पाणी खाडीवरून नाही आलं, ते रस्त्याच्या गटारातून वर आलं. शांतपणे, बुडबुडे सोडत. अर्ध्या तासात साइटचा रस्ता घोटाभर पाण्यात. निवटीचं एक पिल्लू गेटपाशी उड्या मारत होतं. नवरा म्हणाला, "आपण आठव्या मजल्यावर आहोत." मी म्हटलं, "आई-बाबा येतील तेव्हा?" मग त्याने खरा प्रश्न विचारला, "आपण नाही घेतलं तर दुसरं कोणी घेईल. बिल्डिंग तर होणारच. खाडीला काय फरक पडतो?"

रिक्षात, घरी, जेवताना, आम्ही त्यावर भांडलो. मला उत्तर सापडलं नाही. फक्त इतकंच म्हणाले, की काकांच्या घरासमोरून रोज जाताना मला तोंड लपवावं लागेल. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "टोकनचं बघ."

पन्नास हजार परत मिळाले. बाकीचे 'प्रोसेसिंग'मध्ये गेले. आम्ही सोडलेला फ्लॅट दोन आठवड्यांत विकला गेला. सध्या आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याने आहोत आणि आमचा व्ह्यू म्हणजे समोरच्यांच्या एसीचा डबा.

परवा त्याच मॅडमचा मेसेज आला. यंदाही फ्लेमिंगो करशील का, आठशे शब्द, लाइट. मी विचारलं, निवटीवर करू का? त्यांनी विचारलं, "दिसायला कशी असते?" मी फोटो पाठवलाय. अजून ब्लू टिक आलेली नाही.