सावेडीच्या वाटेवर

शहर कोणत्या अंगाला वाढणार, हे आमच्या नगरात, म्हणजे अहमदनगरात, सगळ्यांत आधी मोहरमच्या सवाऱ्यांना ठाऊक होतं. कत्तलची रात उलटली की बडे इमाम आणि छोटे इमाम यांच्या सवाऱ्या कोठला भागातून निघतात, जुन्या गावात फिरून दिल्ली दरवाज्याकडे येतात आणि विसर्जनाला सावेडीत जातात. माझ्या आजीच्या लहानपणी सावेडी म्हणजे वेशीबाहेरचं वेगळं गाव. मधे शेतं, विहिरी, बाभळी. आता त्याच वाटेला दुतर्फा अपार्टमेंट, दवाखाने आणि क्लासेस आहेत.

सवारी दारावरून जायची तेव्हा आजी घागरभर पाणी रस्त्यावर ओतायची. डोक्यावर पदर, हातात रेवड्यांचा पुडा, पाठीशी आम्ही पोरं. आमचं घर वारकऱ्यांचं. आजीच्या गळ्यात माळ होती. पण काकाच्या दुखण्यात बोललेला नवस इमामांचा होता आणि तो फेडायचाच होता. यात कुणाला काही समजावून सांगावं असं तिला कधी वाटलं नाही. गणेशविसर्जनाला माळीवाड्याचा विशाल गणपती पुढे निघायचा, तेव्हाही ओट्या-ओट्यांवर तीच माणसं दाटीवाटीनं बसलेली असायची. सगळेच दिवस गोडीगुलाबीचे होते असं मी म्हणणार नाही. दोन्ही मिरवणुकांना बंदोबस्त लागतो, आणि काही वर्षी तो फार लागला. तरी दारात पाणी ओतणारे हात आटले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

या शहराचा जन्मच असा मिसळीचा आहे. 1490 मध्ये निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद यानं भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवलं आणि चार वर्षांनी त्याच माळावर शहराचा पाया घातला. त्याचा बाप मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला. पुढे अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा यानं शिया पंथ स्वीकारला, म्हणून इथल्या मोहरमला हा थाट. कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी पाणी आणलं, बागा उठवल्या. त्यांतल्या हश्त बिहिश्त बागेचे अवशेष सावेडीच्याच बाजूला आहेत. भुईकोट किल्ला, चांदबीबी, 1942 नंतर तिथे कैदेत राहून नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ, हे पाहुण्यांना सगळे सांगतात. 2024 मध्ये जिल्ह्याला चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचं नाव मिळालं, तेही आता सांगतात. मला मात्र पाहुण्याला पेठेत न्यावंसं वाटतं. माळीवाडा, तोफखाना, नालेगाव, झेंडीगेट, सर्जेपुरा, दाळमंडई, तेलीखुंट. या नावांतून कोण कुठे काय करत होतं ते अजून कळतं.

करमणुकीचं पाहिलं तर इथली माणसं नुसती प्रेक्षक कधीच नव्हती. अमेरिकन मराठी मिशननं इथे शाळा काढल्या; सिंथिया फॅरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुले अध्यापन शिकल्या. त्याच मिशनच्या आवारात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. तीच झांज, तोच मृदंग, पूर्वरंग-उत्तररंगही तसाच, आणि आख्यान येशूचं. ऐकायला बसलेला माणूस कालपर्यंत देवळात कीर्तन ऐकत होता, म्हणून त्याला ते परकं वाटलं नाही. रेव्हरंड टिळकांची कीर्तनं आणि अभंग यांच्यामागे ही जमीन आहे.

शाहू मोडक या नगरच्या, 1918 साली ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या मुलाची गोष्ट मला म्हणूनच अपवादाची वाटत नाही. 'श्यामसुंदर' चित्रपटात तो कृष्ण झाला आणि पुढे आयुष्यभर लोकांनी त्याला कृष्ण म्हणूनच पाहिलं. 1940 च्या 'संत ज्ञानेश्वर' मध्ये तो ज्ञानदेव झाला. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच जिल्ह्यात, नेवाशाला. नगरच्या गल्लीत वाढलेल्या पोराच्या कानावर ओवी पडली नसेल, असं होणंच शक्य नाही. पुढे नगर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे मधुकर तोरडमल नाटककार आणि नट म्हणून महाराष्ट्रभर गाजले. सदाशिव अमरापूरकर नगरच्या हौशी रंगमंचावरून 'अर्धसत्य' मधल्या रामा शेट्टीपर्यंत पोचले आणि तरी नगरशी नातं ठेवून राहिले. टॉकीजबद्दल एवढंच सांगते की आशा टॉकीजनं आम्हाला सिनेमे दाखवले आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायला एक चौकही दिला.

नगरकर स्वतःच स्वतःच्या गावाला मोठं खेडं म्हणतात. मला ते सहन होत नाही. इथे लूना बनायची, रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, एमआयडीसीत पाथर्डी-पारनेर-शेवगावची पोरं पाळ्या करतात. खेड्यातली माणसं शहराला येऊन मिळतात म्हणून तर शहर वाढतं. चिंता वेगळीच आहे. जुन्या गावात ओटे होते. ओटा ना पुरता घराचा, ना पुरता रस्त्याचा. त्यावर बसलेल्या माणसाला ये-जा करणारा प्रत्येक जण ओळखावाच लागे. सावेडीत आम्ही बांधली ती कंपाउंडची भिंत. दिवाळीचे कपडे घ्यायला अजून कापड बाजारातच जायचं, पण चौथ्या मजल्यावर कोण राहतं ते ठाऊक नाही. नवा लेआउट करताना मोकळी जागा कागदावर सोडतात. तिथे पार बांधावा, चार फरशांचा चौथरा घालावा, असं कुणाच्या डोक्यात येत नाही. एवढ्यानंही पुष्कळ होईल.

पण माणसं वाट काढतातच. आमच्या सोसायटीतल्या पोरांना एकांकिकेच्या तालमीला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी पार्किंगमधल्या गाड्या हलवून तिथेच तालीम धरली. संवाद, टाळ्या, मधेच ढोलकी. तिसऱ्या दिवशी तक्रार झाली, बैठक बसली. तळमजल्यावरच्या जामखेडच्या आजी काठी टेकत बैठकीला आल्या नि म्हणाल्या, "पोरं काही चोरी करीनात. दहाला बंद करा म्हणावं. अन् माझी खुर्ची पुढं ठेवा."

त्या रात्रीपासून तालमीला प्रेक्षक आहेत. कुणी चहा आणतं, कुणी वही धरून संवाद पुरवतं. चौथ्या मजल्यावरचा, नागापूरच्या कारखान्यात पाळी करणारा तरुण हलगी उत्तम वाजवतो हे आम्हाला तिथेच कळलं. आता नाटकात हलगी आली आहे, आणि त्याची रात्रपाळी असली की तालीम दुपारी होते.