चाळीस हजार हात

ऐकीव गोष्टींची आमच्या घरी नेहमीच चंगळ असते. सुट्टीत पाहुणे जमले, जेवणे उरकली, चहाचे कप फिरू लागले की कोणीतरी सुरुवात करतोच. शहामृग म्हणे संकट दिसले की वाळूत डोके खुपसतो. उंट म्हणे पाठीवरच्या कुबडात आठवड्याचे पाणी भरून ठेवतो. चीनची भिंत म्हणे चंद्रावरून दिसते. यातले एकही खरे नाही. शहामृग संकटात धूम पळतो. उंटाच्या कुबडात पाणी नसून चरबी असते. आणि २००३ साली अवकाशात गेलेला पहिला चिनी अंतराळवीर यांग लिवेई परत आल्यावर सरळ सांगता झाला की, मला आपली भिंत काही दिसली नाही. चंद्र तर दूरच राहिला, तो जेमतेम साडेतीनशे किलोमीटर उंचीवर होता.

तरी या गोष्टी थांबत नाहीत, आणि थांबाव्यात असे आम्हांलाही वाटत नाही. शहामृगाचे त्यात काय बिघडते? त्याला कुठे कळते की आपली बदनामी चालली आहे!

इमारतींच्या गोष्टी तर आमच्या विशेष आवडीच्या. प्रत्येक किल्ल्याला एक भुयार असते आणि ते थेट दिल्लीला निघते. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेशेजारी पाण्याचा हौद आहे. गाइड सांगतात, गोलंदाज बत्ती द्यायचा आणि आवाजाने कान फाटू नयेत म्हणून लगेच त्या हौदात उडी घेऊन पाण्याखाली बसायचा. लहान मुले ही गोष्ट दोनदा सांगायला लावतात. खरी हकिगत मात्र त्याहून गमतीची आहे. सुमारे ५५ टनांची ही तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव महंमद बिन हसन रूमी, आणि ते तोफेवरच कोरलेले आहे. १८५४ साली इंग्रज सरकारने ती मोडीत काढली, तेव्हा लिलावात तिला बोली आली दीडशे रुपयांची! पुढे विक्री रद्द झाली म्हणून बरे, नाहीतर तिची घमेली आणि घंटा झाल्या असत्या.

या साऱ्या गोष्टींची महाराणी म्हणजे ताजमहालची गोष्ट. ती ऐकली नाही असा माणूस आम्हांला अजून भेटायचा आहे. ताज बांधून झाला, बादशहा खूश झाला आणि अशी इमारत पुन्हा होऊ नये म्हणून त्याने वीस हजार कारागिरांचे हात कापले. गाइड हे सांगताना आवाज खाली आणतो, आपला उजवा हात मनगटापाशी धरतो, आणि बायाबापड्या "या अल्ला" किंवा "अरे देवा" म्हणून हळहळतात.

आता जरा हिशेब करू. वीस हजार माणसे म्हणजे चाळीस हजार हात. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपूरला वारली, पुढच्या वर्षी ताजचे काम सुरू झाले आणि पूर्ण व्हायला साधारण वीस वर्षे लागली. काम चालू असतानाच, १६३९ साली, त्याच शाहजहानने दिल्लीत लाल किल्ल्याचा पाया घातला. १६५० साली जामा मशिदीला हात घातला. मग हे सारे कोणाच्या हातांनी उभे राहिले? उस्ताद अहमद लाहोरीच्या मुलाने लिहिलेल्या काव्यात ताज आणि लाल किल्ला या दोन्हींचे श्रेय आपल्या बापाला दिले आहे. ताजवरची अक्षरे अमानत खान शिराजी याची. त्याने आत आपले नाव आणि साल कोरून ठेवले आहे. पुढे १६४०-४१ साली त्याने पंजाबात, आजच्या तरनतारन जिल्ह्यात, स्वतःच्या पैशाने एक सराई बांधली आणि तिच्यावरही स्वतःच अक्षरे लिहिली. तुटक्या हातांनी हे जमत नाही.

आमचे आजोबा गवंडी होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घर औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला. कोणी ताजची ही गोष्ट काढली की दादा थापी खाली ठेवून म्हणत, "हातां काट दिए तो अगला काम कौन करता रे?" त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपायचा. चांगला गवंडी मिळवायला किती वणवण करावी लागते हे त्यांना ठाऊक होते. मालक गवंड्याची मजुरी बुडवील, पण हात कापणार नाही, असा त्यांचा अनुभव!

गंमत अशी की ही गोष्ट एकट्या आग्र्याची नाही. मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चबद्दल तिथले लोक सांगतात की, राजा इव्हानने ते बांधणाऱ्याचे डोळे काढले. प्रागच्या जुन्या घड्याळाबद्दलही असेच, कारागिराला आंधळे केले म्हणे. मॉस्कोच्या पोस्टनिक याकोव्हलेवचे नाव त्यानंतर कझानच्या कामात सापडते. इमारत फार सुंदर झाली की माणसाला ती साध्या मेहनतीने झाली हे पटतच नाही. तिला रक्ताचा एक डाग लागतोच.

इथवर सगळे मजेचे. पण हल्ली ही गोष्ट मोबाइलवर येते ती मजेने येत नाही, दात-ओठ खात येते. आमच्या घरातल्या एका पोराला शाळेत सोबत्याने विचारले, "तुमच्याच राजाने हात कापले ना?" पोरगा घरी येऊन गप्प बसला. त्याला वाटले, आपण कापणाऱ्यांचे. त्याचा पणजोबा ओळंबा आणि गुण्या घेऊन उन्हात उभा राहणारा माणूस. कापणाऱ्या-कापलेल्यांत वाटणीच करायची, तर हे पोर कोणत्या बाजूचे?

आम्ही त्याला काही समजावत बसलो नाही. सरळ बीबी का मकबऱ्यात घेऊन गेलो. तिथेही गोष्टींना तोटा नाही. आझम शाहने आईसाठी हा मकबरा बांधला म्हणतात. दिलरस बानू बेगम १६५७ साली वारली तेव्हा आझम होता चार वर्षांचा, आणि काम संपले १६६०-६१च्या सुमारास, म्हणजे हे बांधकाम त्याने सातव्या वर्षी हातावेगळे केले! जुन्या 'तारीखनामा'त खर्च दिला आहे ६,६८,२०३ रुपये सात आणे. ते सात आणे वाचून पोर पहिल्यांदा हसले.

लोक मकबऱ्याला गरिबाचा ताज म्हणून नाक मुरडतात, कारण संगमरवर फक्त खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधे काळा पाषाण आणि वर चुन्याचा गिलावा. दादा मात्र त्या गिलाव्यावरून तळवा फिरवून म्हणायचे, संगमरवर डोंगर देतो, गिलावा हात देतो. साडेतीनशेहून अधिक वर्षे पावसाळे खाऊन तो उभा आहे.

आणि मुख्य दरवाजावरच्या लेखात दोन नावे आहेत. एक अताउल्ला, ताजच्या उस्ताद अहमदचा मुलगा. दुसरे हंसपत राय, कामावरचा अभियंता. बापाने आग्र्याला ज्या हाताने रेघ मारली, त्याच हाताने पोराचा हात धरून ती शिकवली असणार. ती विद्या दख्खनमध्ये आली आणि हंसपत रायच्या शेजारी बसून कामाला लागली. पोराने ती दोन्ही नावे मोठ्याने म्हटली आणि घरी येऊन वहीत लिहून ठेवली.

गाइडच्या पोटावर पाय आणावा असे आमचे म्हणणे नाही. त्याने हौदात उडी मारणारा गोलंदाज जरूर सांगावा, दिल्लीला जाणारे भुयार सांगावे. पोरांनी डोळे मोठे करून ऐकावे. फक्त चाळीस हजार हातांची गोष्ट आली की एवढे विचारावे, मग पुढचे काम कोणी केले?