चहा-भाकरीच्या मुलखात

कडा या गावात बाजरीचं पीठ कुणी महिन्याचं दळून ठेवत नाही. दोन-चार दिवसांपुरतं डबा भरून गिरणीत न्यायचं, संपलं की पुन्हा जायचं. बाजरीच्या दाण्यात पाच टक्क्यांच्या आसपास तेल असतं. दाणा अखंड असतो तोवर ते निवांत पडून राहतं, पण दळलं की हवा लागते, दाण्यातली विकरं कामाला लागतात आणि आठवडाभरात पीठ कडवट होतं. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं भरडधान्यांचं वर्ष 2023 साली साजरं झालं, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या दुकानांत बाजरीच्या पिठाच्या देखण्या पिशव्या जास्तच दिसू लागल्या. त्यातली एक मी आणली होती. भाकरी उत्तम फुगली, पापुद्राही सुटला, पण पहिल्या घासालाच पिशवीचं वय कळलं.

आष्टी तालुक्यातला हा मुलूख पर्जन्यछायेतला. नगरकडून येताना माळ, कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली. सप्टेंबर 2022 मध्ये नगर–आष्टी रेल्वे इथून धावू लागली, त्यामुळे गावाला आता स्टेशनही आहे. पाऊस मात्र पूर्वीसारखाच, मनाला येईल तेव्हा. त्याच्या लहरीवर जे तगलं तेच इथल्या ताटात आलं: बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा, जवस, तीळ, शेंगदाणे. आज आहारतज्ज्ञ ज्यांची नावं आदरानं घेतात ती सगळी धान्यं इथं नाइलाजानं पिकली, हे विसरून त्यांचं कौतुक करू नये. 1972 च्या दुष्काळात तर तीही नव्हती. तेव्हा अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. त्या पिढीतल्या कुणापुढं आजही मिलोचं नाव काढून बघा, चेहरा वाकडा होतो. सुकडीचं नाव काढलं तर मात्र हात आपोआप पुढं येतो.

नाइलाजाचीही चव करून घेणारे हात इथं होते. खारोड्याच घ्या. उन्हाळा लागला की बाजरी ओलवून, कांडून, पाखडून तिचा कोंडा काढायचा आणि जाडसर भरडा काढायचा. तो भिजवून दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात शिजवायचा. त्यात लसूण, जिरं, मिरचीचं वाटण आणि सढळ हातानं तीळ. शिजताना हा भरडा फटाफट उडतो आणि मनगट भाजतो, म्हणून ढवळणारीनं पदर हाताला गुंडाळून घ्यायचा. मग धाब्यावर जुनं धोतर अंथरून बोटांनी छोटे-छोटे गोळे तोडत टाकायचे. पोरांना राखण करायला बसवायचं ते कावळ्यांपासून. पण कावळ्यांपेक्षा राखणदारच जास्त फस्त करतात आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं. वरून वाळलेली, आतून अजून ओली अशी दुपारची खारोडी ही खरी. कडक वाळल्यावर ती डब्यात जाते आणि वर्षभर शेंगदाण्यांबरोबर, कच्च्या कांद्याबरोबर खिशातून फिरते. तळायची गरज नाही. पुडीतल्या कुरकुरीत पदार्थांनी तिला मागं सारलं. त्याला चवीपेक्षा पाच रुपयांची नोट आणि ढवळायला न उरलेला वेळ जास्त कारणीभूत आहे, असं मला वाटतं.

आणि शेंगोळे! हुलग्याला मानपान कधी मिळालाच नाही. मुरमाड रानात, जिथं दुसरं काही धरत नाही तिथं तो पेरायचा, आणि आला की आधी बैलांचा वाटा. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. बैलांची ताकद काही उगाच नव्हती. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं, लसूण-जिऱ्याचं वाटण, हळद, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं. दोन्ही तळव्यांत वळून करंगळीएवढी वळकटी करायची, तिची टोकं जुळवायची. चुलीवर फोडणीचं पाणी उकळत असतं. उकळी मोडू न देता एकेक सोडायचा. घाई केली तर विरघळतात. शेवटी पिठानं माखलेले हात परातीतच धुवायचे आणि ते पाणी पातेल्यात ओतायचं. रस्सा दाट होतो तो या पाण्यानं. कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात हे असं स्पष्ट लिहायला लेखिका लाजतील, पण त्याशिवाय शेंगोळे म्हणजे नुसती उकडलेली कडी. वाटीत घेतल्यावर वरून कच्चं तेल किंवा असेल तर तूप. थंडीतल्या पावसाळी संध्याकाळी नाकातून पाणी येईपर्यंत खायचे.

इतकं सगळं ताटात असताना एक आकडा घशाखाली उतरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. बाजरीत लोह भरपूर. कड्याहून फार लांब नसलेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं तर इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं जास्त लोहाचं 'धनशक्ती' वाण आणलं. पण शेंगोळ्यांचं पातेलं ज्या क्रमानं रिकामं होतं तो क्रम कुठल्या वाणानं बदलत नाही. आधी पुरुष, मग पोरं, मग तळाचा रस्सा. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पहाटेच्या अंधारातच भाकरी थापून फडात उतरायचं असतं.

त्यात आणखी एक मेख आहे: बाजरीतलं लोह शरीराला सहजी लागत नाही. धान्य भिजवलं, आंबवलं तर थोडं मोकळं होतं. लिंबू पिळलं तर आणखी. चहा मात्र ते अडवून धरतो. आणि इथल्या कितीतरी बायकांची सकाळची न्याहारी म्हणजे कालची भाकरी आणि कपभर गोड चहा. मी हे सगळं इथल्या माझ्या मावशीला नीट समजावून सांगितलं. भाकरीबरोबर चहा नको, तासाभरानं घे, ठेच्यावर लिंबू पिळत जा. तिनं भाकरीचा तुकडा बशीत बुडवत शांतपणे ऐकून घेतलं.

"लिंबाचं जमंल," ती म्हणाली. "चहाचं तेवढं डाक्टरला इचारून ये. सकाळी तो घेतल्याबिगर रानात जायला पाय कसा उचलायचा, ते बी सांगा म्हणावं."