हातचा नसलेला डोंगर

१२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचं आणि पुन्हा एकावर उतरायचं. सतरा अंकांची संख्या. एकं, दहं, शतं मोजत गेलं तर डावीकडचा एक 'मध्य'च्या घरात बसतो, त्यापुढचं घर परार्धाचं. एवढं मोठं प्रकरण, पण जन्म साधा. नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उभा गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत उतरतात. मधल्या रकान्यात नऊ एक, दोन्ही कडांना एकच. हातचा कुठेच नाही. दहावा एक जोडलात तर मात्र मधे हातचा येतो आणि डोंगर मोडतो.

अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. कल्पना जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनात सुचली, म्हणून स्टेशनाचंच तेव्हाचं नाव. माणूस मात्र बी.बी.सी.आय.च्या लायनीवरचा: जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. १९७५ साली मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला ते नीट कळले.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' नाव दिलं. आपल्या डोंगराची बेरीज ८१, आणि भाग जातो! भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. त्यातला आठ कुठे गेला? नऊ एकांना नऊने भागत या. एक, दोन, तीन असं सातपर्यंत सुरळीत. आठाची पाळी येते तेव्हा हातात नेमके ८१ असतात. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. आठ राहूनच जातो.

याला उपयोग काय, असं विचारणारे भेटतात. त्यांनी तलासरीला हायवेवर उभं राहावं आणि कापरेकरांचाच आणखी एक खेळ करून पाहावा. समोरून जाणाऱ्या ट्रकच्या पाटीवर ४३८१ आहे असं समजा. अंक उतरत्या क्रमाने ८४३१, चढत्या क्रमाने १३४८; वजाबाकी ७०८३. पुन्हा तसंच केलं की ८३५२. पुन्हा, ६१७४. आता पुढे हलणं नाही: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. चारी अंक सारखे नसले तर कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात वजाबाक्यांत इथे येते. जादा पैसे मोजून घेतलेली ७७७७ ची पाटी तेवढी पहिल्याच फटक्यात शून्य! कापरेकरांचं जन्मसाल १९०५ पुऱ्या सात वजाबाक्या घेतं, मृत्यूचं १९८६ सहा. दोन्ही वाटा ८१७२ पाशी मिळतात.

डहाणू-घोलवडच्या चिकूला जी.आय. मानांकन आहे, वारली चित्रांनाही आहे. कापरेकरांसाठी एवढंच करा, गुरुजी: चौथीच्या पोरांना वजाबाकीसाठी, चारी अंक सारखे सोडून, हवी ती चार अंकी संख्या घेऊ द्या. वह्या तपासणंही सोपं, कारण शेवटी सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं.