पाणी कुठून आलं?

इंजिनच्या तेलात पाणी गेलंय हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. गेजची काडी ओढली की दिसतं. डिझेल इंजिनचं तेल काळं असायला हवं, तर काडीवर येतो जास्त दुधाच्या चहासारखा मळकट फेस, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर. रेडिएटरमध्ये मात्र दर दोन दिवसांनी अर्धा लिटर कमी. वरून जे घटतंय तेच खाली वाढतंय, हा हिशेब चौथीतलं लेकरूही करेल. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे: ते गेलं कुठून?

परभणीजवळच्या आमच्या गावी भाईजानच्या ट्रॅक्टरचं इंजिन सोयाबीन निघाल्यावर नव्याने बांधलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट किट, सगळं नवं. खर्च 52 हजार. त्यातले बरेचसे पतसंस्थेकडून उचललेले. मिस्त्रीचे सहा हजार द्यायचे राहिले होते. मीटरवर 48 तास झाले आणि काडीवर चहा आला.

गावात निकाल लागायला एक संध्याकाळ पुरते. हॉटेलवर ठरलं की मिस्त्रीने डुप्लिकेट माल घातला. भाईजान म्हणाले, "उसका एक रुपया नहीं देता मैं." मिस्त्री तरुण आहे, बापाच्या मागे गॅरेज सांभाळतो. पाच-सहा गावांत त्याचं नाव आहे. असं बोलणं एकदा पसरलं की गॅरेज बसतं. दुसऱ्या एका मिस्त्रीने फोनवरच सांगून टाकलं, हेड गॅस्केट गेलंय, हेड उघडा. तिसरा म्हणाला, हेडला तडा असणार. ट्रॅक्टर कोणीच पाहिला नव्हता.

मी शिक्षक माणूस, पान्यात माझा हात चालत नाही. पण बीएडला एक पेपर असतो, त्यात निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन हे दोन शब्द जोडीने येतात. वर्गात मात्र आपण बहुतेक वेळा दुसऱ्यापासून सुरुवात करतो. उर्दू माध्यमातली तीन मुलं 'बाळ'ऐवजी 'बाल' लिहितात. एकाच्या कानाला ळ वेगळा ऐकूच येत नाही, कारण घरच्या भाषेत तो नाही. दुसरी नीट उच्चारते, पण अक्षराचा आकार विसरते. तिसरा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. चूक एकच. तिघांनाही दहा वेळा लिहायला लावलं तर फायदा झाला तर दुसरीचा होईल. उर्दूत निदानाला तशखीस म्हणतात. ज्या धातूपासून 'शख्स' आला, त्याच धातूपासून हा शब्द. दुखणं सगळ्यांचं सारखं दिसत असताना त्यातला नेमका 'तो' ओळखणं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

म्हणून मी भाईजानना एवढंच म्हटलं की हेड आधी उघडू नका. उघडलं की गॅस्केट फाटतं, पाणी सांडतं, पुरावा गेला. मिस्त्रीलाही तेच हवं होतं. कदाचित माझ्यापेक्षा जास्त.

पहिली गोष्ट, इंजिन पुन्हा चालू करायचं नाही. कूलंटमिश्रित तेल बेअरिंगला वंगण देत नाही, उलट त्यांचा मऊ धातू खातं. आणि पिस्टनच्या वर पाणी साचलेलं असेल तर सेल मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दबत नाही. दुसरी गोष्ट, हे खरंच पाणी आहे का? थंडीत ट्रॅक्टर थोडाच वेळ चालला तर तेल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती नुसती वाफ असते. पातळी डिझेल उतरल्यानेही वाढते, पण मग तेल पातळ होतं, डिझेलचा वास मारतं, दुधाळ होत नाही. भाभीजानचा जुना तवा तापवून त्यावर थेंब टाकला. मोहरी तडतडावी तसा तडतडला. तवा पुन्हा स्वयंपाकघरात घ्यायला भाभीजानने साफ नकार दिला, तो अजून गोठ्यात आहे. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी चेंबरचा नट हळूच सैल केला. पाणी जड, तळाशी बसतं. आधी हिरवं पाणी आलं, मग तेल. हिरवं म्हणजे मिस्त्रीने नवं भरलेलं कूलंटच.

मग खरी परीक्षा. चेंबर बिडाचं, दोघांनी जॅकवर धरून उतरवलं. मिस्त्रीकडे रेडिएटरची एक जुनी टोपी आहे, तिला त्याने ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलाय. रेडिएटर काठोकाठ भरला, ओव्हरफ्लोची नळी बंद केली, टोपी लावून हातपंपाने सात पौंड हवा दिली. मूळ टोपीवर जेवढा दाब लिहिलेला, तेवढाच. जास्त दिला तर नसलेली गळती तयार होते. खाली कोरडे पुठ्ठे अंथरले, त्यांवर एक, दोन, तीन लिहिलं. मिस्त्री टॉर्च घेऊन उताणा झोपला.

यात बघायचं काय, हे त्याने मला पडल्या पडल्या सांगितलं आणि मला ते फार आवडलं. थेंब लायनरच्या आतल्या भिंतीवरून ओघळला तर दोष वर आहे: हेड गॅस्केट, हेडचा तडा, नाहीतर लायनरलाच बारीक भोक. लायनर आणि ब्लॉकच्या सांध्यातून, बाहेरच्या कडेने आला तर लायनरच्या खालच्या रबरी रिंगा. अगदी पुढून आला तर वॉटर पंप किंवा टायमिंग कव्हर. पाणी तेच, वाट वेगळी.

वीस मिनिटं काहीच नाही. भाईजान बिडी पेटवून बांधापर्यंत जाऊन आले. काटा मात्र सातवरून सहाच्या खाली सरकला होता. मग दोन नंबरच्या पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका पडला. बाहेरच्या कडेने. हेड निर्दोष.

आता लायनर काढायचा तर हेड उतरवावंच लागतं. भाईजान म्हणाले, शेवटी उघडलंच ना! खरं आहे. पण फोनवरच्या निदानावर हेड उघडलं असतं तर नवं गॅस्केट टाकून पुन्हा बसवलं असतं, आणि चार दिवसांनी पुन्हा चहा.

लायनर निघाला. दोन्ही रिंगा अख्ख्या. कुठे काप नाही, पीळ नाही. मिस्त्री त्या बराच वेळ उजेडात धरून उलटसुलट करत होता. मग त्याने ब्लॉकच्या आत, रिंगा जिथे टेकतात तिथे अंगठ्याचं नख फिरवलं आणि थांबला. भाईजानचा हात धरून त्यांनाही फिरवायला लावलं. मोहरीएवढे खड्डे. गंजाने खाल्लेले. नवी रिंग त्या खड्ड्यांवर बसत होती आणि पाणी तिच्या खालून जात होतं.

अकरा वर्षं त्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी गेलंय. आमच्याकडचं बोअरचं पाणी एवढं जड की भांड्यांना पांढरा थर धरतो. कूलंट महाग, पाणी फुकट. कूलंट फक्त थंड करत नाही, गंजही रोखतं, हे ट्रॅक्टर विकताना कोणी सांगितलं असेल तरी ऐकलं कोणी? बांधणीआधी गळत नव्हतं, कारण जुनी रिंग, गंज आणि क्षार यांचं घट्ट बूच झालं होतं. मिस्त्रीने सफाई केली आणि बूच निघालं.

"मी पॉलिश पेपर मारला होता," तो म्हणाला, "पण नख नाही फिरवलं." कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

भाईजान काही बोलले नाहीत. हॉटेलवरही गेले नाहीत दोन दिवस.

ब्लॉक शहरातल्या लेथवर गेला. त्याने तिन्ही जागा बोअर करून बुश बसवले. बेअरिंगचे शेल उघडून पाहिले, डाग नव्हते, वाचले. परत बांधल्यावर स्वस्त तेल घालून दहा मिनिटं चालवलं, काढलं, फिल्टर बदलला, पुन्हा तेच केलं, मग चांगलं तेल. लेथचं बिल आम्ही दिलं. दुसऱ्यांदा बांधायची मजुरी मिस्त्रीने घेतली नाही, आणि पहिले सहा हजार भाईजाननी त्याच्या खिशात कोंबले तेव्हा त्याने मोजले नाहीत.

हरभऱ्याची पहिली तीन एकर पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली, बाकीची आपल्या. गोठ्यात आता कूलंटचा कॅन असतो, शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा. पुतण्या परवा घाईत बोअरचा पाइप घेऊन रेडिएटरकडे निघाला होता, तर भाईजान जेवणावरून उठून ओरडले.