बंद सराफा, चालू सराफा

गाइड शहराचा इतिहास सांगतो. पण वस्तीचा स्वभाव सांगावा तो कढईनेच! इंदूरचा सराफाच घ्या ना. होळकरांच्या राजवाड्याजवळची ही गल्ली दिवसा सोन्याचांदीची. अशा वेळी बँकेतल्या कारकुनाने तिथून बायकोबरोबर जाऊ नये, एवढं अर्थशास्त्र मी बी.कॉम.ला शिकलोय. रात्री मात्र दुकानं बंद होतात, त्याच पायऱ्यांपुढे शेगड्या पेटतात आणि मध्यरात्र उलटली तरी खाणारे हलत नाहीत. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचं सारण भरलेलं खोपरा पॅटिस, थंडीत तळलेला मसालेदार गराडू. शिवाय एकट्याने संपवायची हिंमत होऊ नये एवढी मोठी जिलबी!

"मला एवढ्या रात्री काही नको हं," म्हणत आमच्या मंडळींनी माझ्याआधी द्रोण रिकामा केला. घरी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर गार पोळी खाणारी ही बाई, वीस वर्षांत प्रथमच सगळ्यांच्या आधी आणि गरमागरम खात होती. तिच्या मागे सोन्याचं दुकान होतं. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सवयीने मी खिशातली डायरी काढून खर्च टिपू लागलो.

"अहो, बँक केव्हाच बंद झाली," ती म्हणाली. "आणखी एक गराडू सांगा."