पांढरी दोनच्या किंचित वर

ध्वनिमुद्रिका ही संहिता मानली, तर तिची पाठचिकित्सा करता येईल काय? हा प्रश्न आमच्यापुढे एका बासवादकाने उभा केला. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या ध्वनिमुद्रिकेतील ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेत मुख्य सूत्र ट्रंपेटकडे नाही, ते पॉल चेंबर्सच्या डबल बासकडे आहे. बास बोलतो आणि इतर वाद्ये दोन स्वरसंघातांत त्याला हुंकार देतात.

आम्ही दोघे मराठी शिकवतो. जाझचे रीतसर शिक्षण आम्ही घेतलेले नाही, पण घरात पेटी आहे. पाश्चात्त्य ज्याला डी डोरियन म्हणतात, तो आपल्या हिशेबाने पांढरी दोनचा काफी थाट. बत्तीस बारांच्या चौकटीत सोळा बार पांढरी दोन, आठ बार काळी दोन आणि पुन्हा आठ बार पांढरी दोन, इतकी साधी ही मांडणी. तरीही आमच्याजवळच्या जुन्या कॅसेटवरचा बास पेटीशी जुळेना. तो पांढरी दोनच्या किंचित वर आणि काळी दोनच्या बराच खाली, असा मधेच कोठेतरी लागत होता.

प्रथम संशय अर्थातच चेंबर्सवर. डबल बासच्या चार तारा चौथ्याच्या अंतराने लावतात: ई, ए, डी, जी, सर्वांत खालची सुमारे ४१ हर्ट्झची. सतारीसारखे पडदे त्याला नसतात, त्यामुळे वादक हवा तेथे स्वर घेऊ शकतो. त्याने तारा चढ्या लावल्या असतील काय? परंतु बिल एव्हान्सचा पियानोही तितकाच चढा ऐकू येतो, आणि पियानो काही मैफलीपुरता कोणी चढवून घेत नाही. मग कॅसेट वाजवणारे यंत्रच वेगाने फिरत असेल काय? तसे असते तर दुसरी बाजूही चढी लागली असती. ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लेमेन्को स्केचेस’ मात्र त्याच यंत्रावर पेटीशी बिनतक्रार जुळतात. दोष एकाच बाजूत आहे, तेव्हा तो वादकाचा नव्हे आणि श्रोत्याच्या यंत्राचाही नव्हे. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा.

तारखा पाहता उलगडा होतो. पहिली बाजू न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत (ही वास्तू पूर्वी चर्च होती) २ मार्च १९५९ रोजी मुद्रित झाली; दुसरी २२ एप्रिलला, चेंबर्सच्या चोविसाव्या वाढदिवशी. मार्चमधील त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित मंद फिरत होते. मंद गतीने मुद्रित केलेली फीत योग्य गतीने वाजवली की स्वर चढतो आणि लयही वाढते. सुदैवाने दुसरे यंत्रही सोबत चालू होते, आणि त्याची गती बरोबर होती. त्या राखीव फितीवरून १९९२ साली ही बाजू दुरुस्त करण्यात आली. आज बाजारात मिळणाऱ्या सीडीवर बास पांढरी दोनवरच लागतो.

म्हणजे तेहेतीस वर्षे जगाने जो ‘सो व्हॉट’ ऐकला, तो त्या खोलीत कोणी वाजवलाच नव्हता. मुद्रिकेबरोबर वाजवून शिकणाऱ्या कित्येकांनी आपली वाद्ये तिच्याशी जुळवून घेतली असतील. १९६९ साली निवर्तलेल्या चेंबर्सच्या हयातीत त्याचा स्वर मुद्रिकेवर चढाच राहिला.

येथे आम्हां दोघांत मतभेद आहे. एकाचे म्हणणे, लोकांनी कानांत साठवला तोच पाठ खरा. किंचित घाईचा, किंचित उजळ. दुसऱ्याचे म्हणणे, नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती लोकांना अशुद्ध पाठ प्रिय नव्हता म्हणून नव्हे. तो ज्ञानदेवांचा नव्हता म्हणून. आम्हांला वाटते, शुद्ध पाठ वादकाच्या नावे लावावा आणि चढा पाठ श्रोत्यांच्या इतिहासात जपावा. मंद झालेला बास ऐकताना दोन सूत्रांमधली स्तब्धता थोडी अधिक लांबते. तेवीस वर्षांच्या एका मुलाने ती तेवढीच लांब ठेवली होती, एवढे आता नक्की सांगता येते.